डालग्याला मिठी मारलेली म्हातारी

आई,

तू जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज तुझ्याशी बोलावंसं वाटलं ते एका म्हातारीनं माझा हात चावला म्हणून. मी जनावरांची डॉक्टर झाले, हे तुला ठाऊक नाही. सध्या जयसिंगपूरच्या घरात वरच्या खोलीत एकटी आहे. बर्ड फ्लूच्या कोंबड्या हाताळल्यात, त्यामुळे गोळ्या घ्यायच्या, ताप येतो का बघायचं. नवरा ताट दाराशी ठेवून जिना उतरतो.

हा रोग जगभर फिरतोय. परदेशात अख्ख्या शेडमधल्या कोंबड्या फेसाखाली गुदमरवून मारतात, ते व्हिडिओ आम्ही मोबाइलवर बघायचो. मग तो आमच्याकडच्या एका गावात आला. पोल्ट्रीतल्या कोंबड्या तुरे निळे पडून पटापट मेल्या. उरलेल्या आम्ही हातानं मारल्या. मान धरायची, ओढून मुरगळायची, पोत्यात टाकायची. एका नव्या माणसाला मान नीट मोडता येईना, कोंबडी पोत्यात फडफडत राहिली, तशी मी त्याच्यावर ओरडले, "जीव घ्यायचा तर एका दमात घे! खेळवू नगंस!" आवाज तुझा होता. लहानपणी आपल्या गारगोटीच्या स्वयंपाकघरात कोंबडी कापताना माझी विळी अर्धवट चालली, कोंबडी लोंबत्या मानेनं परातीतल्या पिठावरून पळाली आणि तू पिठाच्या हातानं माझ्या कानाखाली वाजवलीस, तेव्हाचा.

मग आजूबाजूच्या घरांची पाळी. पोल्ट्रीजवळच्या घरातली एकही कोंबडी ठेवायची नाही, असा नियम. त्यातल्या एका घरी ही म्हातारी अंगणात कोंबड्या झाकायच्या डालग्याला मिठी मारून बसलीये. आत गावठी कोंबड्या, एक कोंबडा.

"माझ्या धडधाकट हायत. हात तर लावून बघ!"

"आजी, उद्या आजारी पडतील. तुम्हालाही होईल."

"हुंदे की! मलाबी घाल पोत्यात!"

मी तिचे दंड धरून ओढलं. तिनं हातमोज्यासकट माझं मनगट चावलं, रक्त येईपर्यंत. मी तिला ढकललं, ती भिंतीवर आदळली. डालगं उलटलं आणि कोंबडा तिच्याच पदराखाली घुसला. तिथून ओढून काढला, तिच्या पुढ्यात मान मोडली.

"तुला आई हाय का न्हाय गं?" ती म्हणाली.

"न्हाय," म्हणाले, आणि पुढची कोंबडी धरली.

काम बरोबरच होतं. गावात रोग पुढे सरकला नाही. म्हातारीलाही ताप नाही, मी फोन करून विचारलं. पण इथं पडल्या पडल्या एक गोष्ट कळली: त्या तुझ्या कोंबड्या असत्या, तरी मी मारल्या असत्या. तुलाही भिंतीवर ढकललं असतं. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू, आणि तुला तरी कुठल्या पत्त्यावर धाडू?

मनगटाची जखम भरत आलीय. खपली धरली की मी ती नखानं काढून टाकते. नवऱ्याला सांगते, अजून ओलीच आहे.