पुनमचं कोपर आणि माझी सत्तावीस वर्षं

१० नोव्हेंबर २०२५. अहमदपूर.
पुनमचं प्लॅस्टर निघालं. पोरगी आठ वर्षांची, आणि उजवं कोपर काटकोनात अडकून बसलेलं. हात सरळ होत नाही, तोंडापर्यंतही जात नाही. डाव्या हाताने जेवते. (लांब उडीत पडली. शिकवत मीच होतो, पण खड्ड्यात वाळू कमी होती.) लातूरच्या मुलांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात हललं नाही तर भूल देऊन हलवून बघावं लागेल. आरती रडली. घरात नवरा पी.टी.चा शिक्षक असताना रडायचं काय कारण?

११ नोव्हेंबर. लातूर, दुपारी.
फिजिओथेरपिस्ट म्हणून कोण निघावी? वर्षाराणी! माझीच विद्यार्थिनी. कवायतीत पाच वर्षं चुकीचा पाय टाकायची. आता तिने काय केलं, तर पुनमला साबणाचे फुगे फोडायला लावले. अर्धा तास! वर आम्हाला सूचना: मालिश नको, ओढायचं नाही, दुखलं की थांबायचं, खेळता खेळता तिचं तिलाच हलवू द्यायचं, दिवसातून पाच वेळा. म्हणाली, सर, माझं काम तुम्हाला शिकवायचं, हात घरीच सुटतो. मग हिला पगार कशाचा देतात?
संकल्प: रोज पहाटे साडेपाच. शिट्टीवर शंभर वेळा हात वाकव, सरळ कर.

१२ नोव्हेंबर.
साडेपाचला पुनम उठली नाही. सहाला मी उठलो नाही. सातला बारा झाले. रडली. सुरुवातीला रडतातच.

१४ नोव्हेंबर.
थोडं ओढलं. थोडंच. आरती म्हणाली, लेकराला काहून वढून राहिलात? मी म्हणालो, सत्तावीस वर्षांत किती पोरं सरळ केली, विचार गावात. ती म्हणाली, हाव, तुम्ही दिसलात की ती पोरं गल्ली बदलतात. विषय काय, बोलते काय.

१८ नोव्हेंबर. लातूर.
मोजलं. गेल्या वेळी वीस अंश हलत होतं, आता बारा. कोपर सुजलंय. वर्षाराणीने विचारलं, कुणी ओढलं का? मी नाही म्हणालो. पुनम माझ्याकडे बघत होती. त्यांचं ते मोजायचं प्लॅस्टिकचं यंत्र अगदीच हलकं वाटलं. चुकीचं दाखवत असणार.

२० नोव्हेंबर.
खो-खोचा संघ घेऊन नांदेडला निघालो. ऐन मोक्याच्या वेळी! वेळापत्रक भिंतीला चिकटवलं, शिट्टी आरतीच्या हातात दिली. ती लगेच हो म्हणाली. तिला पटलं म्हणायचं.

२३ नोव्हेंबर. नांदेड.
पहिल्याच फेरीत हरलो. मैदानाला उतार होता. पोरं परत पाठवली, मला पंच म्हणून ठेवून घेतलंय. घरी फोन केला. व्यायाम? आरती म्हणाली, चालू हाय. शिट्टी काही ऐकू आली नाही, मागे पुनम हसत होती. शिस्त पार बिघडलेली दिसते. परतल्यावर दीडशे.

२९ नोव्हेंबर. अहमदपूर.
परतलो. दीडशे सुरू केले. चाळीसला पुनमचं पोट दुखू लागलं. उद्या भरून काढू.

२ डिसेंबर. लातूर.
सत्तर अंश! भूल द्यायची गरज नाही. तिथेच पुनमने उजव्या हाताने बिस्किट तोंडात घातलं. माझे डोळे भरून आले. इथे लिहायला काही हरकत नाही. वर्षाराणीला म्हणालो, बघ, सुरुवातीचा पाया पक्का होता.
तिने मोबाइल उघडला. आरती तिला रोज मोबाइलवर व्हिडिओ पाठवत होती म्हणे, ते दाखवले. अंगणात फुगे, दोरीवरचे कपडे काढणं, आरतीच्या केसांत फणी. वीस तारखेपासून रोज हात थोडा वर. अठ्ठावीसपर्यंत. मग एकोणतीस, तीस, एक: तिथल्या तिथे. तारखा मी दोनदा बघितल्या.

त्याच दिवशी. संध्याकाळी, बसमध्ये.
वाईट वाटलं. खूप वाटलं. कुणाला सांगितलं नाही.
चाकूर गेल्यावर पुनमने उजव्या हाताने माझी बाही धरली आणि विचारलं, पप्पा, तुम्ही परत नांदेडला कवा जाणार? रागाने नाही. शाळेला सुट्टी कधी लागणार, असं विचारावं तसं.
मी म्हणालो, बघतो.