शब्दकोशाला लावलेली पट्टी

ती. ताईस,

वाकून नमस्कार (गुडघा वाकू देतो तितकंच). तुझ्या कंबरेचं कसं काय? माझी पाळी थांबून वर्ष झालं, त्यावर औषध चालू आहे, आणि आईला, मावशीला किंवा तुला कधी स्तनात गाठ, पायात रक्ताची गुठळी वगैरे झाली होती का, हे कळल्याखेरीज डॉक्टरीणबाई पुढचं खोकं लिहून देणार नाहीत. लगेच कळव, कारण औषधाविना मी कशी असते ते ग्रंथालयाने पाहिलं आहे. अंगातून वाफा निघाल्या म्हणून मी वाचनकक्षातले सगळे पंखे एकदम पाचावर केले, वर्तमानपत्रं उडाली, आणि 'शांतता राखा' या पाटीखाली उभी राहून मीच ओरडले. घरी आमचे हे पंख्याखाली स्वेटर घालून जेवतात.

औषध म्हणजे संप्रेरकाची चिकटपट्टी. सोमवारी आणि गुरुवारी कंबरेखाली लावायची. गेल्या सोमवारी अकराच्या ठोक्याला (वेळ म्हणजे वेळ) मी ग्रंथालयातल्या कपाटाआड गेले. एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात शब्दकोशाच्या पाठीवर लावायची चिठ्ठी. तेवढ्यात फोन वाजला. दोन्ही घाईने चिकटवून मी धावले.

पुढचे तीन दिवस इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! झोप शांत, डोकं थंड. आमच्या ग्रंथालयाच्या हिशेबनीस बाईंना मी या औषधावर अर्धा तास व्याख्यान दिलं. गुरुवारी सकाळी तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "संदर्भग्रंथ. बाहेर नेण्यास मनाई."

मी म्हटलं, "पण मला गुण आलाय!"

"तो शब्दकोशाला आला असेल," त्या म्हणाल्या.

ग्रंथालयातल्या शिपाईमामांना मी सगळं खरं सांगितलं (सरकारी ग्रंथ आहे, लपवता येत नाही). ते गंभीरपणे म्हणाले, "तरीच म्हटलं बाई, शब्दकोश हल्ली कुणाच्या अंगावर पडत नाही."

तुझी,
धाकटी

ता. क. पट्टी सोलताना शब्दकोशाची पाठ निघाली. माझी शाबूत आहे.

ता. क. २. तुला हा त्रास होत होता तेव्हा मी तुला 'मन गुंतवण्याचे वेळापत्रक' करून दिलं होतं, तासांचे रकाने आखून. ते अजून असेल तर फाड. फार मूर्ख होते मी.

ता. क. ३. उत्तर पत्राने पाठवू नकोस, घेऊन ये. डॉक्टरीणबाईंनी स्तनांची तपासणीही सांगितली आहे. नेहमीचीच असते म्हणतात. मी यांना म्हटलंय की एकटी जाईन. एकटी जाणार नाहीये.