चमच्यानं ठेवलेलं नाव

केप कोस्ट, रविवार

प्रिय आराबा,

हे पत्र फादर मेन्सांच्या हाती देते आहे. शुक्रवारी ते लंडनला निघतात. पोस्टात टाकलं असतं तर तुला मिळायला महिना गेला असता, आणि फोनवर हे बोलता येण्यासारखं नाही. परवा तुझा फोन आला तेव्हा पोस्टातल्या त्या काचेच्या खोक्यात मी उभी होते, बाहेर अर्धं गाव रांगेत होतं, आणि कारकुनानं शिक्के मारायचं थांबवून कान इकडे लावले होते. ‘आई, मी पपांच्या हातात चमचा दिला गं, चमचा दिला,’ असं तू रडत पुन्हा पुन्हा म्हणत होतीस आणि मी नुसती ‘हो बाळा, हो बाळा’ करत राहिले. मग लाइन तुटली. घरी आल्यावर मला वाटलं, माझ्या ‘हो’चा तू भलताच अर्थ घेतला असशील. म्हणून आज चर्चमधली मिसा झाल्यावर बाकी कुणाशी न बोलता सरळ घरी आले आणि लिहायला बसले.

आधी थोडं जुनं आठवू दे, म्हणजे नवं लिहायला हात धजेल. पपा शाळा तपासनीस होते तेव्हा सुट्टीत आपण दोघी त्यांच्याबरोबर जायचो. सुन्यानी, टमाले, अक्सिम... आणि प्रत्येक ठिकाणचं हॉटेल. दार उघडलं की माझा पहिला हुकूम सुटायचा, ‘कुणी बसायचं नाही!’ तू आणि पपा शिक्षा झालेल्या पोरांसारखे भिंतीला न टेकता मधोमध उभे राहायचात. मी पलंगावरची रंगीत चादर दोन बोटांनी उचलून कोपऱ्यात टाकायची, गादीच्या शिवणी उलगडून ढेकूण पाहायची, स्पिरिटच्या बोळ्यानं दाराची मूठ, दिव्याची बटणं, नळ, टेलिफोनचा कानाला लागणारा भाग पुसायची. बेसिनवरच्या पेल्याला तर तू हातही लावायची नाहीस. तो फरशीच्या फडक्यानंच पुसतात, हे मी तुला सांगून ठेवलं होतं. मग आपली घरची चादर, आपल्या उशा, आपली बादली. पपा हसायचे. म्हणायचे, ‘आराबा, तुझ्या आईला स्वर्गात खोली मिळाली ना, तरी आधी संत पीटरला चादर झटकायला लावील ही.’ तू एवढीशी होतीस, पण माझ्यामागून बोळा घेऊन फिरायचीस आणि मी पुसलेलं पुन्हा पुसायचीस.

ही भीती मला कुठून लागली ते तुला कधी सांगितलं नाही. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात माझ्या शेजारच्या पलंगावर फिलोमिना नावाची मुलगी होती. तिला सुट्टीत प्रवासात कुठल्यातरी खाणावळीत पाणी बाधलं, टायफॉइड झाला, आणि ती आठवड्यात गेली. सिस्टर बर्नडेटनी तिची गादी धोबीघरामागे नेऊन जाळली. आम्ही मुली वरच्या खिडकीतून पाहत होतो. कापूस जळायला फार वेळ लागतो, आराबा. नुसता धुमसत राहतो. तेव्हापासून परक्या गादीवर मला कधी शांत झोप लागली नाही.

म्हणून तू लंडनहून योफीला घेऊन आलीस आणि आपल्या घरी न उतरता एल्मिनाच्या समुद्राकाठच्या हॉटेलात उतरलीस, तेव्हा मी कुणाला बोलू दिलं नाही. घरातलं पाणी विहिरीचं, छपरात वटवाघळं, शेजारी बकऱ्या. चार महिन्यांचं लेकरू. मला समजत होतं. मान्सा आत्या मात्र गप्प बसणारी आहे का? ‘तू जन्मलीस, मोठी झालीस, ती काय हॉटेलात का गं?’ असं तुझ्या तोंडावर म्हणाली आणि वर हसली. आम्ही तुला भेटायला आलो तर तू दारातच म्हणालीस, ‘आई, कुणी बसू नका हं अजून.’ हातात बोळा, कपाळावर घाम, कोपऱ्यात रंगीत चादरीचा बोळा. मला हसू आलं आणि खटकलंही. माझंच जुनं चित्र कुणीतरी भिंतीवर उलटं टांगावं तसं.

पपा तेव्हा खोकत होते. हरमॅटनचा कोरडा वारा सुरू होता, धुळीनं सूर्यसुद्धा पुसट झाला होता, सगळं गावच खोकत होतं. तू योफीला छातीशी घेऊन एक पाऊल मागं सरलीस. ते मी पाहिलं, आणि त्यांनीही पाहिलं. ‘मी गॅलरीतच बसतो बुवा, वारा बरा आहे,’ म्हणत ते खुर्ची उचलून बाहेर गेले. मग तू मला बाजूला घेऊन ते विचारलंस. नाव ठेवताना वडीलधाऱ्यानं बोट पाण्यात आणि जिनमध्ये बुडवून बाळाच्या जिभेला लावायचं, तर बोटाऐवजी उकळलेला चमचा चालेल का? ग्रेअमच्या घरी, तुझ्या सासरी, कुणी वडीलधारं उरलेलं नाही म्हणून तो मान पपांकडे आला होता. बातमी कळल्यापासून ते दाढी करताना आरशासमोर शब्द घोकत होते. ज्याचं बोट लागतं त्याचा स्वभाव पोरात उतरतो असं मानणारा माणूस. त्यांना मी काय सांगणार होते? शेवटी तूच त्यांना विचारलंस. ते म्हणाले, ‘चालेल की. पण चमच्याला कुठं स्वभाव असतो, पोरी?’ तू खाली मान घातलीस. मान्सा आत्यानं तर गावभर केलं, ‘आमच्या भावाच्या बोटाला विष लागलंय म्हणे.’

तू आंघोळीला गेलीस तेवढ्यात काय झालं ते तुला माहीत नाही. योफी पलंगावर, आपल्या घरच्या चादरीवर, हातपाय नाचवत पडला होता. मी काचेचं दार उघडून पपांना म्हटलं, ‘या ना आत. लावा बोट. कोण बघतंय? उद्या चमचा तर चमचा, आज तुमचं खरं नाव ठेवून घ्या.’ त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले, लहान मुलं मार चुकवायला नेतात तसे. म्हणाले, ‘नको. ती आपल्या भरवशावर ठेवून गेलीय.’ आणि दार पुन्हा ओढून घेतलं. काचेपलीकडून ते त्याला वाकुल्या दाखवत राहिले. योफी खुदकन हसला. इथं आल्यापासून पहिल्यांदा हसला तो तेव्हा, तू नाहीस, मी नाही, काचेपलीकडचे आजोबा बघून. मला मात्र वाटलं, रुसलेत. म्हातारं माणूस रुसलंय.

शनिवारी पहाटे हॉटेलच्या बागेत नाव ठेवलं ते तू पाहिलंसच. पांढरं नेसून ते ताठ उभे होते, हात लांब करून, तोंड वाऱ्याच्या दिशेला वळवून. ‘योफी, पाणी म्हणशील तेव्हा पाणीच असू दे. दारू म्हणशील तेव्हा दारूच असू दे.’ चमच्यानं. आवाज शेवटी फाटला, तो भरून आला असं सगळ्यांना वाटलं. तू रडलीस. घरी येऊन मी त्यांचा पांढरा शर्ट धुवायला घेतला तर खिशात जखमेला बांधायच्या पट्टीची गुंडाळी निघाली. कशाला बरं, असं मनात आलं आणि गेलं.

तू परत गेल्यावर त्यांचं वागणं बदललं. तो हॉटेलातला चमचा त्यांनी बरोबर आणला होता. त्याच चमच्यानं जेवायचे. मक्याच्या पिठाचं केंकेसुद्धा चमच्यानं! आपल्यात केंके कुणी चमच्यानं खातं का? ताट वेगळं, पेला वेगळा, आणि ते स्वतः धुऊन, उकळून, उन्हात पालथं ठेवायचे. मग आपली गादी उचलून मागच्या पडवीत नेली. मी म्हटलं, ‘इथं काय झालं झोपायला?’ तर म्हणाले, ‘तुझ्या घोरण्यानं झोप येत नाही.’ इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं घोरणं! मला वाटलं, माझ्यावर सूड उगवतायत. तू चमचा मागितलास तो माझ्या शिकवणीमुळे, म्हणून रोज जेवताना तो चमचा माझ्यासमोर धरतायत. तू पत्रात विचारलंस, ‘पपा रागावलेत का?’ मी लिहिलं, ‘छे गं.’ आणि पडवीकडे न बघता दिवस काढले. मीही बोलणं टाकलं. एका घरात दोघं, आणि मधे नुसता त्यांचा खोकला.

बाजाराच्या दिवशी ते अंगणात कोसळले तेव्हा रुमाल तोंडाशी होता आणि रुमाल लाल होता. मिशनच्या इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, रक्त कधीपासून पडतंय? ते माझ्याकडे बघून म्हणाले, ‘आराबा यायच्या आधीपासून.’ क्षय, आराबा. दोन्ही फुप्फुसं. मला इतका संताप आला की डॉक्टरांसमोरच मी ओरडले. शाळांच्या संडासात पाणी आहे की नाही हे तपासत देशभर फिरलेला माणूस, आणि स्वतःची छाती तपासायला गेला नाही! वेळेवर गोळ्या घेतल्या असत्या तर आज अंगणात बसून माझी चेष्टा करत असता. ते म्हणाले, ‘कळलं असतं तर तू तिला येऊच दिलं नसतंस. आणि मला पोर बघायचं होतं.’ मला अजून त्यांचा राग आहे. तो बरोबर घेऊनच मी त्यांच्यासाठी माळ जपते.

मग हळूहळू, दम लागत लागत, त्यांनी सांगितलं. नाव ठेवायच्या दिवशी बोट कापलंय असं सांगून ते पट्टी बांधणार होते आणि मान दुसऱ्या कुणाला देणार होते. तुला भेटायला निघाले तेव्हापासून पट्टी त्यांच्या खिशात होती. ‘पण माझं मन होईना. आणि तेवढ्यात ही पोरगी चमचा घेऊन उभी. मला वाटलं, देवानंच धाडला. तिनं मागितला नसता, तर मीच मागणार होतो.’ मी विचारलं, मग ते स्वभावाचं का बोललात, किती लागलं तिला. तर डोळे मिटून हसले. ‘थट्टा केली गं. आणि नंतर विचार केला, आहे की त्या चमच्याला स्वभाव. तुझा आहे. सतरा वेळा उकळलेला. पोरात तोच उतरू दे. जगेल तरी.’ मंगळवारी दुपारी ते गेले. बोलले त्यातलं नीट समजलं असं हे शेवटचं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते लिहिते. तू त्यांच्या हातात चमचा दिलास म्हणून ते मनानं तुटले, असं नाही. तो चमचा दिलास म्हणून ते आजोबा होऊ शकले. हे मान्सा आत्यालाही कळू देणार आहे, गावानं आपली भांडी शिवायचं सोडलं तरी चालेल. पण डॉक्टर म्हणतात, योफीला, तुला आणि ग्रेअमला तपासून घ्यायलाच हवं. पत्र वाचून होताच जा, उद्यावर टाकू नकोस. गॅलरी, वारा, काच, एवढी अंतरं त्यांनी राखली होती. देव आणखी थोडी राखो. त्यांची गादी काल अंगणामागे जाळली. कापूस अजूनही तसाच धुमसतो. माझ्या छातीच्या फोटोत डाव्या बाजूला डाग निघाला आहे, गोळ्या चालू केल्या आहेत, लघवी लाल होते, घाबरू नकोस, त्या गोळ्यांनी होतेच. अंत्यविधीची तारीख घरची मोठी माणसं ठरवतील, शवागारात त्यांना महिनाभर तरी ठेवतील. तू एकटी ये, लेकराला आणू नकोस. आणि घरी उतरू नकोस, राणी. एल्मिनाला तीच खोली घे. घरची चादर आण, कुणाला बसू देऊ नकोस, बटणं, मूठ, नळ सगळं नीट पूस. या वेळी मला आत येऊन मदत करता यायची नाही. मी गॅलरीत बसेन. खुर्ची मात्र तूच ठेव, वारा तुझ्याकडून माझ्याकडे येईल अशी. काचेतून तुला वाकुल्या दाखवीन.

तुझीच, पुसून पुसून प्रेम करणारी,
आई