घरच्या माणसाची वाटणी

तुळिंज, नालासोपारा (पूर्व)
३ फेब्रुवारी १९९८

तीर्थस्वरूप विलासमामांच्या चरणी भाचा चंद्रहासचा दंडवत.

तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींनी दिलेलं तेल लावत असालच (नसाल तर मामींना कळवतो). इकडे सुनंदा ठीक, मीही ठीक, फक्त नोकरी तेवढी गेली. घाबरू नका, सगळं नीट सांगतो.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या वसईच्या कारखान्यात स्टीलचे डबे होतात आणि झाकणांचं खातं मी सांभाळायचो. लागल्या दिवसापासून मालक मला 'घरचा माणूस' म्हणत. ऐकायला किती गोड! पण मामा, या शब्दाचा अर्थ मला बारा वर्षं हळूहळू कळत गेला. दिवाळीला सगळ्यांना मिठाईचा पुडा; वाटणारा मी, पण मला नाही (घरच्याला कसला पुडा?). रजा मागितली की मालकांना वाईट वाटायचं, घरचा माणूस रजा मागतो का! त्यांच्या मुलीच्या लग्नात आचोळ्याच्या मैदानात पाहुणे जेवले आणि मी जिलबी वाढत फिरलो. माझी पंगत बसली तेव्हा पाक तेवढा उरला होता. याउलट आमच्या कारखान्यातला गास गावचा व्हिक्टर. तो दर वर्षी "मी चाललो" म्हणून पिशवी उचलायचा आणि मालक दर वर्षी त्याला काहीतरी कबूल करून खाली बसवायचे. मला म्हणायचा, "अरे, तू पन एकदा पिशवी उचलून बघ." त्यावर मी त्याला निष्ठेवर व्याख्यान द्यायचो. काय म्हणावं या अकलेला!

यंदा जुने फोरमन निवृत्त झाले. त्यांची खुर्ची आणि तिच्यावरचा पंखा माझ्याशिवाय कुणाला जाणार? मालकही म्हणाले, सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाच्या पूजेला वहिनींना घेऊन ये, तुझ्यासाठी खास आहे. सुनंदाने ठेवणीतली पैठणी काढली, आख्ख्या बिल्डिंगला सांगून झालं. तिथे गेल्यावर आधी मला प्रसाद वाटायला लावला (घरचाच ना!). मग मालकांनी माईक घेतला आणि फोरमन म्हणून नाव घेतलं जितेंद्रचं! हा पठ्ठ्या चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या कारखान्यातून फोडून आणलेला, अजून झाकण कोणतं आणि बूड कोणतं ते मला विचारणारा. कारण काय, तर बाहेरच्या माणसाला खुर्ची दिली नाही की तो टिकत नाही. चंद्रहास काय, घरचाच आहे, तो कुठे जातोय! आणि मला शाल, श्रीफळ आणि हार. व्हिक्टर मागून पुटपुटला, "बकऱ्याला पन आधी हारच घालतात."

मी सुनंदाकडे पाहिलं. ती पैठणीच्या पदराने डोळे पुसत होती. मामा, माझं डोकंच फिरलं. मालक म्हणाले, दोन शब्द बोल. मी माईक धरला आणि म्हणालो, "साहेबांचं बरोबर आहे. घरात कुणी खुर्ची मागत नाही. घरात वाटणी मागतात. मला धाकटा भाऊ समजा आणि झाकणांची बाजू माझ्या नावावर करा."

व्हिक्टरने पहिली टाळी वाजवली, मग सगळा कारखाना वाजवायला लागला. मालक लालबुंद! बारा वर्षांचं घर तिथल्या तिथे मोडलं. "नोकर आहेस, नोकरासारखा राहा," म्हणाले. मी म्हटलं, हरकत नाही, मग नोकराला ज्येष्ठतेप्रमाणे मिळतं ते द्या. मिळाला तो नारळ (श्रीफळ आधीच दिलेलं असल्यामुळे वेगळा आणावा लागला नाही).

मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा, आणि आता दुसऱ्या कुणाच्याच घरचा नसलेला,
चंद्रहास

ता. क. तुमच्या पालघरच्या कारखान्यात जागा आहे म्हणे. माझ्यासाठी शब्द टाकाल का? पण आधी एवढं विचारून घ्या, की तिथले मालक कामगारांना घरचं मानतात का. मानत असतील तर राहू द्या.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच आमचे मालक दारात! जितेंद्रला कुणीतरी अजून मोठ्या खुर्चीचं आमिष दाखवून पळवलं. मी मोरीत दडून हे लिहितोय. बाहेर मालक गोड आवाजात सांगताहेत, "वहिनी, रागावायचं नाही, चंद्रहास म्हणजे आपला घरचा माणूस." सुनंदा म्हणाली, "घरचा माणूस बाहेर गेलाय." "येणार कधी?" "खुर्ची आली की."

तेव्हा मामा, तिकडची जागा धरून ठेवा, पण फार घट्ट नको.