तिसरा कौल

बाबा, मी मोटारसायकलवरून परदेश फिरायला चाललेय. स्कूटर नव्हे, आणि कुणाच्या मागे बसूनही नव्हे. गिअरची गाडी, पुढे मी. उत्तर थायलंडचे डोंगर, मग मेकाँग नदी ओलांडून लाओस, तिथून वळसा घालून परत, असा तीनेक आठवड्यांचा बेत आहे. हे तुम्हाला सांगण्याचं खरं म्हणजे काही कारण नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला डोळे मिटून बसावं लागतं. पण गेले काही महिने मी या प्रवासाची तयारी करतेय आणि पावलापावलाला तुम्ही आडवे येताय, म्हणून लिहायला बसले. समोर असतात तर दुसऱ्या वाक्यालाच उठून बंदरावर निघून गेला असतात. आता बसा.

बेत मूळचा माझा नाही, तुमच्या नातीचा. दादाची मुलगी, जिला तुम्ही पाहिलंच नाहीत. पुण्याला नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की बाईक काढून कुठल्या कुठे जाते. गणपतीला घरी आली तेव्हा तिने ओटीवर नकाशा पसरला. आई चष्मा लावून वाकली आणि म्हणाली, "ह्या खंय इला गो? बांद्याच्या पलीकडे?" आईच्या लेखी बांद्याच्या पलीकडे सगळा परदेशच. पोरगी हसली आणि मला म्हणाली, "आत्या, तूही चल. पण मागे बसून नाही हं, तुझी गाडी तू चालवायची." मी हसत हसत नाही म्हणायला गेले आणि मधेच माझं डोकं फिरलं. कारण नाही म्हणायचं कारण एकच होतं, मला गिअरची गाडी येत नव्हती. पन्नाशी ओलांडलेली बाई, ओरोसच्या सरकारी कचेरीत अख्खा विभाग सांभाळणारी, रोज स्कूटरने हमरस्ता तुडवणारी, आणि गिअर म्हटलं की हात मागे. "का गं, शिकली का नाहीस?" असं तिने सहज विचारलं. काय सांगणार होते तिला? देवी नको म्हणाली म्हणून?

तुमची ती काळी मोटारसायकल मला आठवते ती आधी नाकाला. खाऱ्या वाऱ्याने गंज धरतो म्हणून तुम्ही तिला होडीला लावायचं मासळीचं तेल चोळायचात. होडीला चालतं ते गाडीला का चालू नये, असा तुमचा कायदा. गंज काही थांबला नाही, पण वाडीतली झाडून सगळी मांजरं तिच्या सीटवर झोपायला यायची आणि शाळेत पोरी माझ्या दप्तराचा वास घ्यायच्या. मागे दोन्ही बाजूंना पत्र्याचे डबे, त्यात बर्फ आणि बांगडे, आणि लिलाव आटपला की तुम्ही बांद्याच्या बाजाराला सुटायचात. त्याच गाडीवर तुम्ही दादाला शिकवलंत. सुकती लागली, पाणी मागे गेलं की ओली वाळू कशी टणक होते, तिच्यावर. दादालाच नव्हे, शेजारच्या पोरांना, खलाशांना, देवगडहून आलेल्या कुणा पाहुण्याच्या मेव्हण्यालासुद्धा. "क्लच हळू सोड रे मेल्या, घोरपडीसारखो धरून रवू नको." आणि मी वाळूत बसलेय, मांडीवर सगळ्यांच्या चपलांचा ढीग. ऐकून ऐकून मला तोंडपाठ झालंय. पायाने पहिला खाली, मग वर, वर. मी विचारते, "बाबानू, माका कधी शिकवशात?" तुम्ही माझ्याकडे बघतही नाही. "चेडवाचा काम न्हय ता." आणि पुढच्या पोराला हाक मारता.

तेवढ्यावर राहिलं असतं तरी मी आज कागद घेऊन बसले नसते. मुलीच्या जातीला त्या काळी असलं काय काय ऐकावं लागायचं, त्याला कुठे कुठे पुरणार. पण मग तुमचा पाय मोडला. होडी किनाऱ्यावर ओढताना शेवाळावर घसरलात, घोट्याचं हाड गेलं, आणि डॉक्टरने सांगितलं की पुढचा सगळा हंगाम गाडी विसरा. दादा तोवर मुंबईला गेला होता. बांद्याची गिऱ्हाइकं वाट बघत होती, नाही गेलो तर दुसरा कुणी जाणार होता. मी कॉलेज संपवून घरातच होते. मी म्हटलं, मला शिकवा, मी नेते मासळी. तुम्ही लगेच नाही म्हणाला नाहीत. आईकडे बघितलंत, पायाच्या प्लास्टरकडे बघितलंत आणि म्हणालात, "देवीक इचारुया." त्या रात्री आनंदाने मला जेवण गेलं नाही. देवीवर माझा भरवसा होता.

पुढचं तुम्ही सोयीने विसरला असाल, म्हणून सांगते. कुबड्या घेऊन तुम्ही देवळात आलात. गुरवाने कौलासाठी देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या आणि प्रश्न घातला, चेडवान गाडी शिकून बांद्याक मासळी न्हेवची काय? उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तुम्ही, मी, आई, गुरव, चौघेच. उजवी पडली. टपकन, लगेच. गुरव म्हणाला, "देवीन उजवो दिल्यान हा." तुम्ही म्हणालात, "वारो इलो. परत लाव." देवळात वारा नव्हता, बाबा. समईची ज्योत हलत नव्हती, मी तिच्याकडेच बघत होते. परत लावला, पुन्हा उजवी. तुम्ही म्हणालात, "पाकळी सुकी होती. आणि एकदा लाव." गुरवाने तुमच्याकडे असं बघितलं की मला त्याची दया आली, पण तुमच्याशी वाद कोण घालणार. तिसऱ्या वेळी बराच वेळ काहीच पडेना. मग डावी पडली. तुम्ही हात जोडलेत आणि माझ्याकडे वळून म्हणालात, "बघ, देवी नाय म्हणता. मी काय करू?"

मी काय करू! निर्णय तुमचा आणि बिल फाडलंत देवीच्या नावावर. तोंडावर सांगितलं असतंत की मुलीने मोटारसायकलवरून मासळी नेली तर बंदरावर माझी मान खाली जाईल, तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित ऐकलंही असतं. पण तुम्ही देवीला खोटं पाडलंत, तेही तिच्याच देवळात, माझ्या डोळ्यांदेखत. आणि तुमची मान ताठ राहिली ती कुणाच्या जिवावर? तो हंगाम आईने पाटी डोक्यावर घेऊन एसटीने बांदा गाठलं. बर्फाचं पाणी तिच्या कपाळावरून गळायचं, बसमधली माणसं नाक मुरडून सरकायची, आणि गाडी पडवीत मांजरांखाली उभी. पाय बरा झाल्यावरही तुम्हाला किक मारणं जमेना, तेव्हा एक हंगाम म्हणता म्हणता आईचे कित्येक हंगाम त्या पाटीखाली गेले. आज तिची मान एका बाजूला कललेली आहे. मी त्याबद्दल बोलले की मलाच दटावते, "माझी मान काय मोडलेली नाय. तू गप रव." गाडी शेवटी भंगारवाल्याने नेली. हॅंडल तेवढं चकचकीत होतं, तुमच्या तेलाने.

नोकरी लागल्यावर मी बिनगिअरची स्कूटर घेतली, तेव्हा तुम्ही होतात. "खेळणा हाडल्यान," एवढंच म्हणालात. आणि पुढे छातीत दुखायला लागलं तेव्हा त्याच खेळण्यावर मागे बसून दवाखान्यात यायचात. माझ्या खांद्याला कधी हात लावला नाहीत, मागची दांडी धरून बसायचात आणि वाटभर "ब्रेक, ब्रेक". एकदा एक कुत्रं आडवं आलं, मी सफाईने वाचवलं. वाटलं, आता तरी काही म्हणाल. तुम्ही म्हणालात, "हॉर्न मारूक काय झाला?" कौतुकाचा एक शब्द तुमच्या तोंडून निघाला असता तर समुद्र आटला नसता.

असो. मी शिकले. तुमच्या नातीने शिकवलं, त्याच किनाऱ्यावर, सुकतीला. पहिल्या दिवशी गाडी इतक्या वेळा बंद पडली की जाळी विणत बसलेले म्हातारे हसायला लागले. एकजण ओरडला, "क्लच हळू सोड गो!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण शब्द तुमचे होते. तो तुमच्याच हाताखाली शिकलेला. आता तो दुसऱ्याच्या मुलीला फुकट सांगत होता, आणि माझ्या बापाने मला कधी सांगितलं नव्हतं. मग ओरोसला आरटीओत लायसनची परीक्षा दिली. सगळी मिसरूड फुटलेली पोरं आणि मधे मी. साहेबांनी कचेरीच्या शुद्ध मराठीत विचारलं, "मॅडम, गिअरचीच द्यायची आहे ना? नक्की?" नक्की, म्हटलं. आठाचा आकडा काढला, पाय खाली टेकला नाही. त्या लायसनवर परदेशात चालणारा परवाना काढला. गाडी तिकडे भाड्याने घ्यायची आहे. रेनकोट, हातमोजे, गुडघ्याचे पट्टे ओटीवर मांडले की आई एकेक उचलून बघते आणि खाली ठेवते. थायलंडात आपल्यासारखं डावीकडून चालवायचं आणि नदी ओलांडली की उजवीकडून. पोरगी म्हणते, पहिले दोन दिवस डोकं चक्रावतं. मी म्हटलं, मला सवय आहे, आमच्या घरात उजव्याचं डावं केव्हाच झालंय. तिला कळलं नाही. आईला कळलं, ती आत निघून गेली.

आणि त्याच आईने परवा हट्ट धरला. "जा गो बाये, पण देवीक इचारून जा." कौलासाठी त्या देवळात पुन्हा पाऊल टाकणार नाही, असं मी ठरवलं होतं आणि आजवर पाळलं होतं. पण तिची ती कललेली मान बघून मला नाही म्हणता येईना. गेलो दोघी. आता जुन्या गुरवाचा मुलगा आहे. त्याने पाकळ्या लावल्या, प्रश्न घातला. मी मनात म्हटलं, काय पडायचं ते पडू दे, माझं तिकीट काढून झालंय, मला काही फरक पडत नाही.

डावी पडली.

आणि माझ्या तोंडून निघालं, "परत लाव."

दुसऱ्यांदाही डावी. मी गुरवाला म्हटलं, पंखा चालू आहे, तो बंद कर आणि पुन्हा लाव. त्याने पंखा बंद केला. तिसऱ्या वेळी बराच वेळ गेला. मग उजवी पडली, आणि मी हात जोडले. मागून आई म्हणाली, "अगदी बापाशीवर गेलंस." हसून म्हणाली की कसं, ते मला वळून बघायचं धाडस झालं नाही.

तेव्हापासून झोप लागत नाही. राग कमी झाला असेल असं तुम्हाला वाटेल, तसं काही नाही, उलट वाढलाय. इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आले की तुम्ही घाबरला होतात, मुलगी कुठे पडली-झडली तर म्हणून. तेवढ्यापुरतं तुम्हाला सोडत आले. पण नुसतं घाबरलेलं माणूस पहिल्या उजव्याला सुटतं, कारण देवीने भार घेतलेला असतो. परत लाव म्हणायला आतून हवं असावं लागतं. मला माझा होकार जितका हवा होता, चौथा, पाचवा, दहावा कौलसुद्धा मी लावला असता, तितका तुम्हाला तुमचा नकार हवा होता. हे मला आता माझ्याच तोंडून कळलंय. माझा हट्ट मला तीन आठवडे फिरवून आणील. तुमच्या हट्टाने आईची मान गेली. दोन्ही सारखे नाहीत, आणि आई काहीही म्हणो, मी ते सारखे म्हणून घेणार नाही. हा कागद कचेरीच्या खणात राहील. त्याला दुसरी जागा नाही.

एक सांगायचं राहिलं. कौल झाल्यावर गुरवाने प्रवासासाठी गाऱ्हाणं घातलं. "बा देवी म्हाराजा, ह्या तुझा लेकरू परमुलखात गाडी घेवन चल्ला हा. तेच्या वाटेत काय वाकडा-तिकडा येत आसात तर ता दूर कर, आणि तेच्या बापाशीक तेच्या पाठीशी उभो रवाक सांग रे म्हाराजा." अशा वेळी उभ्या माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. आई म्हणाली. मी तोंड मिटून ठेवू शकले असते, तिने काही विचारलं नसतं. मीही म्हटलं, "व्हय म्हाराजा." सवयीने निघून गेलं, असं स्वतःला दोन दिवस सांगून बघितलं. सवयीने नव्हतं गेलं.