मांगुराच्या नाकातली शेवंती

३ एप्रिल, अकोला
परतवाड्याहून एसटीनं आली. लेक शेखर घ्यायले आला होता. नात पाह्यली! छकुलीले अजून बसता येत नाही, पण हसते अशी की शेवंतीचा अख्खा वाफा फुलला. सून खुशी कॉलेजात शिकवते, माशांच्या नाकाचा अभ्यास करते म्हणे. मी म्हटलं, बाई, माशाले नाक असते हेच मले मालूम नव्हतं. हसत सुटली. मागच्या अंगणात हौदात तिचे मांगूर मासे आहेत, काळे, मिशावाले. ते दोघं कामावर गेले की लेकरू माझं!

७ एप्रिल
इथं नळ आठ-आठ दिवस येत नाही. छकुलीले तेल-बेसन लावून न्हाऊ घातलं, ते पाणी फेकवेना. आमी माळ्याची माणसं. रोज हौदातच ओतते. मासे कसे गोळा होतात, बापा! खुशीले सांगायचं राहूनच जाते.

९ एप्रिल
खुशीनं मेलेल्या मांगुराचं नाक चिरून दाखवलं. पुढच्या भोकातून पाणी आत, मागच्यातून बाहेर. मधात पाकळ्या, थेट शेवंती. घशाशी त्या नाकाचं काही लेनदेन नाही. श्वासासाठी नाहीच ते, नुसतं वास घ्यायले. हौदात एक थेंब पडला तरी ओळखतात म्हणे. अन् ओल मिळाली की जमिनीवरही सरपटतात. मी विचारलं, मंग हे खुराक काहून खात नाहीत? तिनं तसाच तरंगणारा खुराक जाळीनं काढून टाकला.

१२ एप्रिल
छकुलीले ज्या खोलीत नेते, मासे हौदाच्या त्या बाजूले. हवेतला वास त्यायले येत नाही म्हणते खुशी. मंग? शेवटी न्हाणाच्या पाण्याचं सांगितलं तिले. आई, तुमी हे काय केलं, त्यायले छकुलीची चटक लावली, म्हणाली अन् रडली. शेखर म्हणे, मासेच ते, वाघ नाही.

१३ एप्रिल
एक हौदाबाहेर सापडला. कोरड्या फरशीवर मेलेला. तोंड घराकडे. नाकाचं भोक अजून उघडं— नको.

१६ एप्रिल
दोघं कामावर. माझ्यानं राहवलं नाही. हौदाचं बूच काढलं, पाण्याविना मरतील म्हणून. पाणी नालीत गेलंच नाही. अंगणभर पसरलं, उंबऱ्यापर्यंत. मीच त्यायची वाट ओली करून—

दार लावलं. फोन अंगणातच राह्यला. छकुली मांडीवर, आमी पलंगावर. मोरीतून सळसळ—

खोलीत आले. तोंडं वर. मले पाहतच नाहीत—

छकुली हसून राह्यली त्यायले. हात पुढं करते—

चादरीचं टोक खाली लोंबते. ओल वर चढून राह्यली, अन् ओलीच्या मागं—