साडूची गंमत

मालन,

तू दळणाला गेलीस तेवढ्यात लिहितोय. तोंडावर सांगायला जीभ वळेना. मी वकिलाबरोबर कल्याण कोर्टात चाललोय. उद्या अकराला बेलिफ येणारे, खोलीचा ताबा मालकाला द्यायला.

गेल्या वर्षी कोर्टाचा माणूस समन्स घेऊन आलेला. दारात मी बनियनवर. "दौलत शिर्के कोण?" म्हणाला. मला गंमत सुचली. म्हटलं, "दौलत बायकोला घेऊन कायमचा गावी गेला. मी त्याचा साडू, तुळशीला पाणी घालायला येतो." साडू असा वठवला की बिचाऱ्याने सगळं लिहून नेलं. मी तासभर हसत होतो. मालकाच्या वकिलाने तोच कागद लावला, की भाडेकरू इथे राहतच नाही. आपल्या माघारी निकाल लागला.

आता वकील म्हणतो, "स्टेची आशा धरू नका, शिर्के. तुम्हीच सांगितलंय." मी तरी जज्जसाहेबांच्या पाया पडून बघतो.

लाइट बिलं आणि रेशन कार्ड मी सोबत नेलंय. तू भांडी बांधायला घे, देवघर राहू दे.

तुला वाटेल, ही पण मस्करी. दाराला चिकटवलेला हुकूम मी परवाच काढून फ्रिजवर ठेवलाय. खालचा शिक्का बघ.

दौलत